टेबल दिसत नाही

"मॅडम, विहिरीला पाणी चढावं तसं दिसतंय. डाव्या डोळ्यात, खालून वर."

मी त्याची वकील. बुधवारच्या जेल व्हिजिटला त्याने हे सांगितलं. पन्नाशीचा ट्रक ड्रायव्हर, चोरीच्या मालाच्या केसमध्ये सात महिने आत असलेला कच्चा कैदी. आधी डोळ्यापुढे काळे ठिपके, विजा चमकल्यासारखं, आणि सोमवारपासून हे काळं पाणी. कारागृहाच्या दवाखान्यात नोंद होती, 'डोळ्यात कचरा, ड्रॉप्स दिले.'

बाहेर येऊन ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "सावली खालून येते की वरून?" खालून म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते. सावली खालून चढते, म्हणजे आतला पडदा, रेटिना, वरच्या बाजूने सुटलाय, आणि वरून सुटलेला पडदा झपाट्याने खाली येतो. ज्या मधल्या भागाने आपण वाचतो, माणसं ओळखतो, तो अजून चिकटलेला असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन हवं. तो सुटल्यावर पडदा बसवला तरी पूर्वीची नजर बहुधा येत नाही.

आमच्याकडे कोर्टात कैद्याच्या आजारपणाच्या अर्जावर शेरा ठरलेला असतो: सरकार पक्षाचं म्हणणं मागवा, वैद्यकीय अहवाल मागवा. तारीख आठ-दहा दिवसांनी. नोव्हेंबर 2020 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात तुरुंगात असलेल्या, कंपवाताने हात थरथरणाऱ्या वृद्ध स्टॅन स्वामींनी पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तेव्हाही तपास यंत्रणेला म्हणणं मांडायला 20 दिवस मिळाले होते. ही सवय आपल्या सगळ्यांची आहे. आम्ही वकीलसुद्धा तारीख डायरीत लिहून मुकाट निघतो.

रात्री अर्ज लिहिला. जामीन मागितला नाही, त्यात वाद होतो आणि वादात दिवस जातात. फक्त अंतरिम आदेश मागितला. 'योग्य ते उपचार द्यावेत' ही ओळ मी आता लिहीतच नाही. तिच्यावर 'उपचार सुरू आहेत' असा अहवाल येतो आणि तो खोटाही नसतो, ड्रॉप्स चालू असतातच. मी लिहिलं: रेटिनाच्या तज्ज्ञाकडे, आज संध्याकाळी पाचच्या आत, ऑपरेशन सुचवलं तर नव्या आदेशासाठी न थांबता, लेखी अहवाल उद्या सकाळी अकराला. इतकी नेमकी मागणी मी त्याआधी कधी लिहिली नव्हती.

गुरुवारी सरकारी वकिलांनी 'से', म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला मुदत मागितली. न्यायाधीशांनी ती दिली नाही. कैद्याला व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यायला लावलं.

"उजवा डोळा झाका. माझ्याकडे बघा. काय दिसतं?"

"साहेब, तुमचा चेहरा दिसतो. मागचं घड्याळ दिसतं. टेबल दिसत नाही."

म्हणजे मधला भाग अजून शाबूत होता. साडेबाराला आदेश झाला, मी मागितला होता तसाच. मी जेलला मेल केला, फोन करून पोहोचल्याची खात्री केली आणि दुसऱ्या केसला गेले.

शुक्रवारी अकराला अहवाल आला: 'पोलीस पार्टी उपलब्ध न झाल्याने बंदीस रुग्णालयात पाठविता आले नाही.' पोलीस पार्टी म्हणजे कैद्यासोबत जाणारा गार्ड, तो पोलीस मुख्यालयातून मिळतो. मंत्र्यांचा दौरा होता. मी पोलीस मुख्यालयात गेले. राखीव पोलीस निरीक्षकांच्या कार्यालयातल्या हवालदाराने जेलचं पत्र काढून दाखवलं. गार्ड मागणारं नेहमीचं छापील पत्र, कैद्याचं नाव तेवढं हाताने भरलेलं. तशाच पत्रांचा गठ्ठा टेबलावर होता. "आदेश कुठंय मॅडम? आम्हाला तर असलं पत्र रोजच येतं."

आदेश कारागृह अधीक्षकांच्या नावे होता. जो माणूस गार्डची ड्यूटी लावतो, त्याचं नावच त्यात नव्हतं, कारण ते मी मागितलंच नव्हतं. दुपारी दुसरा आदेश घेतला, यावेळी मुख्यालयाच्या नावे, आणि हातोहात नेऊन पोच घेतली. शनिवारी सकाळी गार्ड आला. ऑपरेशन रविवारी झालं. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, मधला भाग सुटलेला.

गुरुवारी दुपारी एक वाजता मुख्यालय माझ्यापासून दहा मिनिटांवर होतं. दौरा होता, माणसं नव्हती, हे सगळं खरं. पण दुसरा आदेश हातात पडल्यावर माणसं मिळाली.

आज तो डाव्या डोळ्याने हातभरावरची बोटं मोजतो. ऑपरेशननंतर काही दिवस पालथं झोपायला सांगितलं होतं. कूस बदलायला जागा नसलेल्या बराकीत ते त्याने कसं केलं, मी विचारलं नाही.

पुढच्या तारखेला जेलने पालन अहवाल दिला, 'आदेशाचे पालन करण्यात आले', आणि अर्ज निकाली निघायला आला. मी हरकत घेतली. पडदा जागेवर राहावा म्हणून डोळ्यात भरलेलं सिलिकॉन तेल काही महिन्यांनी काढावं लागतं, त्यासाठी पुन्हा ऑपरेशन, पुन्हा गार्ड. अर्ज प्रलंबित ठेवलाय. नव्या मागणीत अधीक्षक आहेत आणि राखीव पोलीस निरीक्षकही आहेत. सुनावणी येत्या मंगळवारी आहे.