घर पाहावं भिजून

बदलीची ऑर्डर एप्रिल-मेमध्ये हातात पडते, मुलांच्या परीक्षा नुकत्याच आटोपलेल्या असतात, आणि म्हणून मुंबईत घर शोधायचा महिना बहुतेकांच्या बाबतीत मे ठरतो. फसगत इथूनच सुरू होते. मे महिन्यात मुंबईतलं प्रत्येक घर कोरडं असतं. भिंतींना ताजा रंग असतो, खिडकीतून खारा वारा येतो, खाली रस्ता नुकताच झाडून काढलेला. नागपूरहून, सोलापूरहून किंवा संभाजीनगरहून आलेलं कुटुंब खोल्या मोजतं, ओटा केवढा ते बघतं, शाळा किती लांब ते विचारतं आणि टोकन देऊन टाकतं. पाऊस विचारात येतो तो 'छत्र्या घ्यायला हव्यात' एवढाच.

हवामान खात्याच्या हिशेबाने मान्सून मुंबईत ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो. म्हणजे वर्षातले चार महिने. २०२५ साली तर तो २६ मेलाच दारात उभा राहिला. उपनगरातल्या सांताक्रूझला या हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. संभाजीनगरला अख्ख्या वर्षात सातशेच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, पाऊणशे मिलिमीटरच पडला होता, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. घर शोधणाऱ्याला कामाचा आकडा हा दुसरा. 'मुंबईत पाणी भरतं' या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठल्या गल्लीत, गल्लीच्या कुठल्या टोकाला आणि किती वेळ, हे कळलं पाहिजे.

पाणी भरण्यामागे दोन गोष्टी एकत्र येतात. शहराची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. नंतर ती क्षमता ५० करायचं काम हाती घेतलं गेलं. आणि हे पाणी शेवटी समुद्रात जायचं, पण भरती साडेचार मीटरच्या वर चढली की समुद्रच उलटा आत यायला बघतो. मग गटारांच्या तोंडाचे दरवाजे बंद करून पाणी पंपाने बाहेर फेकावं लागतं. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं त्यासाठीच आहेत. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर खोलगट भागात पाणी तुंबणारच. परळचं हिंदमाता हे त्यातलं बदनाम नाव. तिथे आता जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधून पाणी त्यात साठवतात. सायनचा गांधी मार्केट परिसर, रुळांखालून जाणारे अंधेरी सबवे आणि सांताक्रूझचा मिलन सबवे ही बाकीची नावं दर पावसाळ्यात टीव्हीवर येतात. टीव्हीवर न येणाऱ्या शेकडो गल्ल्या आहेत. त्या स्वतः शोधाव्या लागतात, आणि भर उन्हातही शोधता येतात.

सोसायटीच्या फाटकातून आत जाताना चढ लागतो की उतार, हे आधी बघावं. मुंबईतले रस्ते पुन्हा पुन्हा डांबर आणि मग काँक्रीट घालून उंच होत गेले. इमारती होत्या तिथेच राहिल्या. दादर, माटुंगा, सायन भागातल्या कितीतरी जुन्या इमारतींचं आवार आता रस्त्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली आहे. आत जायला पायऱ्या उतराव्या लागल्या तर ते घर पाण्याच्या वाटेवर आहे असं समजावं, वरच्या मजल्यावर असलं तरी. फाटकाच्या दोन्ही खांबांना उभ्या लोखंडी खाचा दिसल्या तर त्यात पावसाळ्यात फळी बसवतात; म्हणजे सोसायटीला अनुभव आहे. एका अर्थाने ती चांगलीही खूण आहे, निदान तयारी तरी असते. मग समोरच्या किराणा दुकानात जावं. फ्रीज विटांवर चढवलेला आहे का? प्लगचे पॉइंट छातीच्या उंचीवर आहेत का? साखरेची पोती जमिनीवर आहेत की फळीवर? दुकानदार एजंटसारखा बोलत नाही, त्याचं दुकान बोलतं.

'इथे पाणी भरतं का?' हा प्रश्न मात्र कोणालाच विचारू नये. 'नाही हो, अजिबात नाही' हे उत्तर तयारच असतं. वॉचमनला विचारावं, 'पाणी भरलं की गाड्या कुठे लावतात?' तो लगेच सांगतो, पुलाखाली, पलीकडच्या मैदानाजवळ. पाणी येत नसेल तर तो प्रश्नच कळला नाही अशा नजरेने बघतो. दोन्ही उत्तरं उपयोगाची.

आता शाळा आणि ऑफिस. मुंबईत पत्ता सांगताना स्टेशनच्या नावापुढे पूर्व किंवा पश्चिम लावतात, ते पत्रव्यवहारापुरतं नाही. रूळ ओलांडायचे मार्ग मोजके असतात, त्यातले बरेच जमिनीखालून जातात, आणि पावसात आधी बंद होतात ते हेच सबवे. घर अंधेरी पश्चिमेला, शाळा पूर्वेला, असं जमवलं तर वर्षातले दोनशे दिवस काही वाटत नाही. जुलैतल्या एका दुपारी शाळा लवकर सुटते आणि पंधरा मिनिटांचा रस्ता तीन तासांचा होतो. म्हणून लहान मुलाची शाळा किंवा पाळणाघर तरी घराच्याच बाजूला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर असावं. ऑफिस लांब असलं तरी चालेल. मोठी माणसं अडकली तर वडापाव खाऊन ऑफिसात झोपू शकतात. विदर्भातून येणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, इकडे जूनच्या मध्यालाच. सामान हलवायची मुदत तेवढ्याने कमी होते.

रेल्वेचं तसंच. मध्य मार्गावर सायन, कुर्ला आणि हार्बरवर चुनाभट्टी इथे रुळांवर पाणी चढलं की गाड्या आधी रांगतात, मग थांबतात. पश्चिम मार्गावर वसई-नालासोपाऱ्याच्या पट्ट्यात हेच होतं. लांब, स्वस्त आणि मोठं घर म्हणून बदलापूरकडे पाहिलं जातं. तिथे उल्हास नदीची पूररेषा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात उभी राहिली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. कामावर जायला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन मार्ग असलेलं घर थोडं लहान असलं तरी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकल बंद पडली तरी घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो खांबांवरून जाते. दहिसरहून अंधेरीकडे येणाऱ्या दोन्ही मार्गिकाही तशाच उंचावरून जातात. नवी मुंबईत सिडकोने पाणी साठवायला धारण तलाव आखून ठेवले आहेत, त्यामुळे तिथली आखणी बरी. पण तलाव गाळाने भरलेला असेल तर आखणी कागदावरच राहते, तेव्हा जवळचा तलाव एकदा डोळ्यांनी बघावा.

टेकडीच्या उतारावरच्या घराला पाणी तुंबायची भीती नसते, वरून येणाऱ्या पाण्याची असते. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीत दरड आणि भिंत कोसळून माणसं गेली. इमारतीमागे संरक्षक भिंत असेल तर तिच्यातून पाणी बाहेर पडायला ठरावीक अंतरावर पाइपची भोकं आहेत का आणि ती उघडी आहेत का, ते बघावं. भोकं बुजली की मागची माती पाणी धरून बसते आणि भिंतीला ढकलते. भिंतीला पोट आलेलं असेल, आडवी चीर असेल, तर खोल्या बघायला वर जायची गरजच नाही.

मजल्याबद्दल भांडणं फार. तळमजल्यावर पाणी दारातूनच येतं असं नाही. बाहेरचं गटार भरलं की ते न्हाणीच्या जाळीतून आणि कमोडमधून वर येतं. सांडपाण्याच्या पाइपला एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह आहे का ते विचारावं. पण पहिल्या मजल्यापासून वर सगळं सुखरूप, हेही खरं नाही. मीटर रूम तळाशी असेल तर पाणी शिरताच वीज बंद होते, आणि चौदाव्या मजल्यावरचेही अंधारात बसतात. लिफ्टचा खड्डा भरला की आजी वर अडकतात. जमिनीखालच्या टाकीचं झाकण आवाराच्या पातळीला असेल तर गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात जातं. सहा इंच उंच कठडा आणि घट्ट झाकण, एवढंच लागतं. कित्येक सोसायट्यांत तेवढंही नसतं.

सगळ्यात वरचा मजला हवेशीर असतो, आणि गळका. मुंबईभर गच्च्यांवर पत्र्याच्या शेड दिसतात त्या हौसेने घातलेल्या नाहीत. शेड नसेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी झालं ते सोसायटीच्या ऑफिसात विचारावं. गच्चीतून गळणारं पाणी हा सोसायटीचा खर्च असतो. वरच्या घरातल्या बाथरूममधून गळणारं त्या दोन घरांनी आपसात मिटवायचं. म्हणजे छतावरचा डाग कुठल्या पाण्याचा, यावर पुढचे सहा महिने कोणाशी बोलावं लागणार ते ठरतं.

पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. झोपायची खोली आणि कपाटाची जागा या भिंतीवर नसलेली बरी. ताज्या रंगाला भुलू नये. सगळी भिंत जुनी आणि एकाच कोपऱ्यात परातीएवढं नवं पांढरं, म्हणजे तिथे पोपडे आले होते. स्विचबोर्ड बाहेरच्या भिंतीवर असेल तर त्याच्या कडेला गंजाची रेघ शोधावी. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत तांब्याभर पाणी ओतून बघावं. बाहेर जायला हवं. आत यायला लागलं तर पट्टीची बारीक भोकं बुजलेली आहेत (तारेने साफ होतात) किंवा खिडकी आतल्या बाजूला कललेली आहे, ते तारेने सुधारत नाही. घरमालक हे बघून चमकतो. चमकू द्यावं.

या सगळ्यात गंमत अशी की जूनमध्ये याच शहरात पाणीकपातीची चर्चा चाललेली असते. पिण्याचं पाणी तानसा, भातसा, वैतरणाकडच्या तलावांतून येतं. घरासमोर गुडघाभर पाणी असतं आणि नळाला दाब नसतो. तेव्हा सोसायटीत पाणी किती वेळ येतं आणि टँकर मागवावा लागतो का, हा प्रश्न इथेही विचारायचाच.

सामानाची छाटणी निघण्याआधी करावी. कूलर आणू नये. कोरड्या हवेत पाणी उडून जातं म्हणून तो गारवा देतो. मुंबईच्या दमट हवेत तो फक्त आणखी दमट हवा देतो. भुश्याच्या दाबीव फळ्यांची कपाटं पहिल्या पावसात खालून फुगतात. सागवान आणि लोखंड टिकतं, पण लोखंडी कपाटाला खाली लाकडी ठोकळे आणि मागे वीतभर मोकळी जागा हवी. वर्षभराचं धान्य, पापड, कुरडया आणायचा मोह आवरावा. डाळ-तांदूळ महिन्याचा घ्यावा, रवा पंधरा दिवसांचा आणि तोही भाजून. मुलांचे गणवेश दोनाऐवजी तीन, कारण जुलैत जाड कापड घरात वाळायला दोन दिवस घेतं. दोरीखाली टेबलफॅन लावला तर एक. ट्रक मेच्या अखेरीआधी पोहोचेल असा ठरवावा आणि गाद्या-पुस्तकं प्लास्टिकमध्ये बांधावीत. ताडपत्री आहे म्हणतात, पण ती जिथे फाटलेली असते तिथेच गादी येते.

आणि घर विकत घ्यायची घाई पहिल्या वर्षी नको. भाड्याचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो आणि तो नोंदवावाच लागतो. मेच्या मध्याला सुरू केला तर एप्रिलमध्ये संपतो, मध्ये एक पूर्ण पावसाळा बघून होतो. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही तो काळ, सप्टेंबरअखेरपर्यंतच मागावा आणि पुढे एक महिन्याची नोटीस. म्हणजे घर गळकं निघालं तर ऑक्टोबरमध्ये, चिखल वाळल्यावर, दुसरं शोधता येतं. गळती झाली तर दुरुस्ती कोणाकडे आणि किती दिवसांत, ही ओळ करारात लिहून घ्यावी. तोंडी 'बघून घेऊ' हे ऑगस्टमध्ये फोन न उचलण्याचं सभ्य रूप असतं. किल्ली हातात आली की त्याच दिवशी सगळ्या भिंतींचे, छताचे आणि खिडक्यांच्या कडांचे फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवावेत. निघताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची गोष्ट निघते, तेव्हा तो डाग कोणाच्या काळातला आहे यावर वाद घालायची वेळ येत नाही.