भाऊ, विंडोज फुकट काऊन नाही टाकत?

"सगळेच टाकून देऊन राहिले, तुम्ही काऊन नाही टाकत?" नागपुरात बर्डीवरच्या माझ्या दुकानात हा प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा येतो. कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला आणलेला असतो. विंडोज हवी असते, सोबत ऑफिस आणि फोटोशॉप, तेही परवान्याचे पैसे न भरता. काउंटरवर गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत ते इथे सांगतो.

मीही टाकून देत होतो. अगदी मे २०१७ पर्यंत. ऐन लग्नसराई होती. महाल भागातल्या एका छपाईवाल्या काकांचा शनिवारी सकाळी फोन आला, की पत्रिकांच्या फाइली उघडत नाहीत आणि पडद्यावर लाल पाटी आली आहे. ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, नाहीतर फाइली विसरा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय नावाचा व्हायरस आदल्याच दिवशी सुरू झाला होता आणि पुढे तो दीडशेच्या आसपास देशांत पोचला. ज्या भोकातून तो शिरायचा, ते बुजवणारी अपडेट १४ मार्चलाच आली होती. काकांच्या विंडोज ७ वर ती नव्हती, कारण अपडेट मीच बंद करून ठेवल्या होत्या. अपडेट आली की 'ही प्रत अस्सल नाही' अशी पाटी यायची आणि मागचा पडदा काळा व्हायचा. कित्येक वर्षांचे नमुने गेले. काका मला काहीच बोलले नाहीत, कारण चूक कुणाची हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी ती त्यांना सांगितली.

आजचे क्रॅक, म्हणजे पैसे न भरता विंडोज चालू करून देणारे प्रोग्राम, वेगळे आहेत, पण धोका तोच. मोठ्या कंपन्यांत शेकडो मशीन असतात. त्यांची विंडोज कंपनीच्याच एका सर्व्हरकडून दर १८० दिवसांच्या आत पुन्हा मान्यता घेते. बरेचसे क्रॅक तुमच्याच मशीनमध्ये तो सर्व्हर असल्याची बतावणी करतात. ते चालवायचे तर आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे अनोळखी माणसाला घराच्या किल्ल्या द्यायच्या आणि वर कुत्राही बांधून ठेवायचा.

मात्र यावरून आपल्या लोकांना कुणी चोर म्हटलं, तर मला राग येतो. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या अंदाजानुसार २०१७ साली विनापरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण अमेरिकेत १५ टक्के, जपानमध्ये १६, भारतात ५६, चीनमध्ये ६६ आणि व्हेनेझुएलात ८९ होतं. जपानी माणूस जन्मतः प्रामाणिक आणि आपण लबाड, असं यातून निघत नाही. तिकडे बहुतेकांकडे कंपनीचं तयार मशीन असतं, विंडोजचे पैसे त्यातच आलेले असतात. आपल्याकडे असेंबल करून घेतात, नाहीतर 'डॉस'वाला, म्हणजे विंडोज नसलेला लॅपटॉप घेतात, आणि विंडोजचा खर्च वेगळा उभा राहतो. २०१५ मध्ये विंडोज १० होम इथे ७,९९९ रुपयांना आली. तेवढा पगार असलेले कितीतरी लोक माझ्या दुकानात येत होते. त्याआधी गरीब देशांसाठी विंडोज एक्सपीची स्वस्त 'स्टार्टर' आवृत्ती निघाली होती, पण तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडायचे. ही वागणूक मला अजून खुपते.

केरळने वेगळा रस्ता धरला. तिथल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमवर शिकतात, आणि ती काही मागे पडलेली नाहीत.

म्हणून मी आधी विचारतो, काम काय करता? बिलं, पत्रं, ऑनलाइन फॉर्म, यूट्यूब एवढंच असेल तर लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, टाकून देतो. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच. हिशेबाची टॅली किंवा डोंगलवाले (यूएसबीत किल्ली लावल्याशिवाय न चालणारे) जुने मराठी फॉन्ट लागत असतील, तर ओढाताण न करता ओरिजनल विंडोज घ्या म्हणतो. काकांकडे आता दोन्ही आहे: डिझाइनच्या मशीनवर ओरिजनल विंडोज, हिशेबाच्या मशीनवर मिंट.

तुम्हाला आधी बघायचं असेल तर आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन या. मिंट त्यावरूनच चालवून दाखवतो, तुमच्या विंडोजला हात लागत नाही. अन् येताना एक बाहेरची हार्डडिस्क आणा, आधी बॅकअप काढू.