आमची वाटचाल : घरी नेण्याच्या बिअरवर तगलेला पब

इंग्लंडातल्या केंट परगण्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात आम्ही नवरा-बायको जो पब चालवतो, तो पूर्वी लोकर आणि विणकामाच्या सुया विकणाऱ्या बाईंचे दुकान होता. बाके दाटीने मांडली तरी त्यात पंचविसाच्या वर माणसे मावत नाहीत. तरीही आमच्याकडचे पिंप शिळे व्हायच्या आत रिकामे होते, कारण निम्मी बिअर गिऱ्हाइके भांड्यात भरून घरी नेतात. पबवाल्यांच्या बैठकीत हे सांगितले की अजूनही कोणीतरी हसून म्हणतो, मग पब कशाला, डेअरीच काढायची होती. बोलणाऱ्याला ठाऊक नसते की मी खरोखरच दुधाच्या धंद्यातल्या घरचा आहे. कोल्हापुरात गंगावेशीला म्हैस पिळून तिथल्या तिथे धारोष्ण दूध पेल्यात देतात आणि तेच दूध किटलीतून घरीही जाते. उभ्याने पिणाऱ्याला आणि किटलीवाल्याला माप सारखेच पडले पाहिजे, हे आमच्या वडिलांनी लहानपणीच डोक्यात भरवले होते. इंग्लंडात येऊन मी निराळे काही केले, असे मला तरी वाटत नाही.

मायक्रोपब, म्हणजे आमच्यासारखा दुकानाएवढ्या जागेतला पब, ही केंटचीच देणगी आहे. २००५ साली हर्न या खेड्यात मार्टिन हिलियर यांनी खाटकाच्या जुन्या दुकानात 'बुचर्स आर्म्स' उघडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात २००३ चा परवाना कायदा अमलात आल्यामुळे, असे चिमुकले पब काढणे इतरांनाही सोपे झाले. आमचे पहिले भागीदार हे एका ब्रुअरीच्या, म्हणजे बिअरच्या कारखान्याच्या, तळघरात उभा जन्म घालवलेले गृहस्थ होते. पैसा बेताचाच आणला, पण लाकडी हातोडा, पितळी तोट्यांची जुडी आणि बिअर उजेडात धरून पाहण्याची नजर घेऊन आले. परवान्याचा अर्ज भरताना मी 'जागेवर पिण्यासाठी' एवढ्यावरच खूण करून पुढे निघालो होतो. त्यांनी कागद ओढून घेतला आणि 'बाहेर नेण्यासाठी' या चौकोनातही खूण केली. पंचवीस माणसांच्या खोलीत एका पिंपातल्या ७२ पिंट, म्हणजे सुमारे एकेचाळीस लिटर बिअर, कोण संपवणार, एवढेच ते म्हणाले. त्या एका खुणेने आम्हाला पुढे वाचवले, म्हणून नव्याने धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, की वकिलाने कितीही घाई केली तरी तो अर्ज स्वतः वाचावा.

त्यांचे म्हणणे धंद्यातल्या माणसाला लगेच पटेल. फर्किन म्हणजे ९ गॅलनचे पिंप, कागदावर ७२ पिंट; तळाचा गाळ वजा जाता हाती त्याहून कमीच येतात. त्यातली बिअर जिवंत असते, म्हणजे यीस्टचे काम पिंपातही चालू असते. पिंप घोडीवर आडवे ठेवावे, खोली ११ ते १३ अंशांवर धरावी, वरच्या शाइव्हमध्ये, म्हणजे पिंपाच्या पोटावरच्या बुचात, मऊ लाकडाची स्पाइल, म्हणजे बारीक खुंटी, ठोकून जादा वायू निघू द्यावा, फेस शमला की कठीण स्पाइल लावून उरलेला वायू कोंडून ठेवावा, गाळ बसू द्यावा, आणि मग कीस्टोनवर, म्हणजे पिंपाच्या तोंडाकडच्या बुचावर, तोटी धरून हातोड्याच्या एकाच घावात आत घालावी. दोन घाव घालणाऱ्याच्या अंगावर बिअर उडते आणि भागीदाराचे बोलणेही ऐकावे लागते. एकदा तोटी वाहू लागली, की निघालेल्या बिअरच्या जागी हवा शिरते आणि तीनेक दिवसांत चव उतरते. मोठ्या पबाला याची फिकीर नसते, कारण त्याचे पिंप एका संध्याकाळीत उडते. आमच्यासारख्याने मात्र एक तर बिअर ओतून द्यावी, नाही तर शिळी विकावी, नाही तर ती ताजी असतानाच लोकांच्या घरी पाठवावी.

घरी पाठवणे म्हणजे तोटीखाली बाटली धरणे नव्हे. तोटीला स्वच्छ नळीचा तुकडा जोडून त्याचे टोक बाटलीच्या तळाला टेकवावे लागते, म्हणजे बिअर खालून वर चढते आणि फेस होत नाही. बाटली आधी थंड पाण्याने विसळलेली हवी, कारण कोमट बाटलीत बिअर फसफसते आणि अर्धा वायू तिथेच जातो. चार पिंटांची प्लास्टिकची बाटली भरत आली की बाजूने हलकेच दाबायची, बिअर गळ्याशी आली की त्याच दाबात झाकण फिरवायचे, म्हणजे आत हवा राहत नाही. माप मात्र सरकारी शिक्क्याचेच लागते, कारण इथे सुटी बिअर पिंटाच्या तृतीयांशात, अर्ध्यात, दोन-तृतीयांशात किंवा अर्ध्याच्या पटीतच विकता येते. कोणी घरचे भांडे घेऊन आले तर आम्ही शिक्क्याच्या पेल्याने मोजून ते भांड्याच्या कडेकडेने ओततो. संत्र्याच्या सरबताची रिकामी बाटली कोणी आणू नये. ती सात वेळा धुतली तरी वास जात नाही, आणि नाव आमचे खराब होते.

घरचे भांडे आणणाऱ्यांत पहिले आमचे 'जगवाले आजोबा'. हे नाव बायकोने ठेवले आणि आमच्यापुरतेच राहिले, समोर अर्थातच आडनावाने हाक. तपकिरी चकाकीचा, दोन पिंटांहून थोडा मोठा, कानाजवळ टवका उडालेला चिनीमातीचा जग घेऊन ते दर शुक्रवारी येतात आणि तो ओला आहे की नाही हे मी पाहतो आहे ना, याची स्वतः खात्री करून घेतात. जुन्या पबांच्या काचांवर अजूनही 'जग अँड बॉटल' अशी कोरलेली अक्षरे दिसतात. तो बाहेर नेणाऱ्यांचा वेगळा कोनाडा असे, आणि घरोघरची पोरे जेवणाच्या वेळी जग घेऊन तिथे उभी राहत. पोरांना वाटेत घोट घेण्याची सवय लागते म्हणून १९०१ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्यांना बूच मारून सील केलेल्या भांड्याखेरीज बिअर द्यायला बंदी झाली. आजोबांच्या वडिलांनी हे सगळे पाहिले होते, आणि आजोबांच्या मते माझी भरण्याची पद्धत त्या काळापेक्षा बरी असली तरी भाव लाजिरवाणा आहे. हे ते प्रत्येक वेळी सांगतात आणि प्रत्येक वेळी पूर्ण पैसे मोजतात.

पुढची काही वर्षे धंदा चालला. भागीदार वयामुळे निवृत्त झाले, त्यांचा हिस्सा आम्ही हप्त्यांनी फेडला.

मग कोपऱ्यावरच्या मोठ्या पबाने आमचे पाहून चार पिंटांच्या बाटल्या सुरू केल्या. त्याचे नाव घेत नाही, गावातल्यांना ते सांगायला नको आणि बाहेरच्यांना त्याचे काही नाही. स्पर्धेचे मला दुःख नव्हते. दुःख याचे होते की ते लोक सकाळीच बाटल्या भरून फ्रिजमध्ये रांगेने लावत आणि आमच्याहून बऱ्याच कमी भावात संध्याकाळपर्यंत विकत. वरचा चार बोटे भाग रिकामा, म्हणजे हवेने भरलेला. घरी नेऊन झाकण उघडले की फुस्स असा आवाजसुद्धा यायचा नाही. ज्यांनी ती बिअर प्यायली, त्यांनी त्या पबाला नावे ठेवली नाहीत. 'पबातून नेलेली बिअर बेचवच असते' असे ठरवून टाकले, आणि ते आमच्या दारावरूनही सरळ पुढे जाऊ लागले. एक हंगाम संपताच त्यांनी तो उद्योग बंद केला. त्यांचे काहीच गेले नाही, पण लोकांच्या मनातला ग्रह पुसायला आम्हाला त्याहून कितीतरी जास्त काळ लागला. कित्येकांना मी अर्धा पेला फुकट पाजून, त्याच पिंपातली बाटली त्यांच्या देखत भरून दिली आहे.

२० मार्च २०२० च्या शुक्रवारी संध्याकाळी कोविडमुळे देशभरचे पब बंद करण्याचा हुकूम झाला, तेव्हा आमच्या घोडीवर दोन पिंपे उघडलेली आणि चार न उघडलेली होती. ज्यांच्या परवान्यावर बाहेरच्या विक्रीची खूण नव्हती, त्यांनी बिअर गटारात ओतली. आम्ही फोनवर मागणी घेऊन दारात बाटल्या ठेवू लागलो. २२ जुलैला सरकारने नवा कायदा करून सर्वांनाच ती मुभा दिली, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र तोवर आमच्या दारासमोर फुटपाथवर सहा-सहा फूट अंतर सोडून उभी राहिलेली रांग कोणाच्या तरी डोळ्यांत सलली आणि नगरपालिकेकडे तक्रार गेली. आलेल्या अधिकाऱ्याने रांग पाहिली, परवाना पाहिला आणि जाताना स्वतःसाठी दोन पिंट नेल्या. तक्रार कोणी केली हे आम्हाला ठाऊक आहे.

खरा फास त्या हिवाळ्यात बसला. ५ नोव्हेंबरला दुसरी टाळेबंदी आली आणि २ डिसेंबरला बाकी बऱ्याच भागांतले पब उघडले, तेव्हा केंट निर्बंधांच्या कडक अशा तिसऱ्या श्रेणीत गेल्यामुळे आमचे दार बंदच राहिले. २० डिसेंबरला आम्ही त्याहून कडक अशा चौथ्या श्रेणीत गेलो. नाताळात पबवाला वर्षाची तूट भरून काढतो. आमचा सगळा नाताळ भरलेल्या बाटल्यांवर गेला, आणि भाडे निघाले. ४ जानेवारी २०२१ च्या रात्री तिसरी टाळेबंदी जाहीर झाली आणि त्यात पबांना दारातून मद्य द्यायलाही मनाई झाली. लोक पेले घेऊन रस्त्यात घोळके करतील, ही सरकारची भीती मी समजू शकतो. पण झाकण लावलेली आमची बाटली दारात देणे गुन्हा, आणि शंभर पावलांवरच्या सुपरमार्केटात कॅनच्या थप्प्या ढकलगाडीत रचून नेणे कायदेशीर, यामागचा तर्क मला आजवर कोणी समजावून दिलेला नाही. घरपोच देण्याची तेवढी परवानगी राहिली होती.

म्हणून आम्ही घरपोच सुरू केले. तोवर उघडलेल्या पिंपांतली बिअर मोरीत ओतताना बायको दुसऱ्या खोलीत गेली. फर्किन मागवणे थांबवून अर्ध्या मापाच्या, ३६ पिंटांच्या पिन मागवल्या आणि मागणी पुरेशी जमल्याखेरीज तोटी ठोकायचीच नाही, असा नियम केला. संध्याकाळी पाचनंतरच भरायचे, गाडीत बाटल्या उभ्याच ठेवायच्या, खड्डा दिसला की गाडी हळू घ्यायची, कारण घुसळलेली बिअर ओतताना नुसता फेस होते. उचललेले कर्ज आणि घरमालकाने दिलेली मुदत, या दोन्ही गोष्टी त्या फेब्रुवारीत संपत आल्या होत्या, आणि किल्ल्या परत करण्याचे पत्र मी लिहून ठेवले होते. आजोबांना घराबाहेर पडण्याची बंदी होती. ते फोनवर मागणी देत, जग धुऊन फाटकाच्या खांबावर उपडा ठेवत आणि खिडकीतून मी नीट भरतो आहे ना ते पाहत. त्यांनी आपल्या गल्लीतल्या सात-आठ घरांना आमचा नंबर दिला आणि भाव लाजिरवाणा आहे हेही त्यांना आधीच सांगून टाकले. त्या एका गल्लीमुळे आमची आठवड्याची पिन संपू लागली, आणि ते पत्र पाठवायचे राहिले. १२ एप्रिलला उघड्यावर टेबले मांडायची मुभा मिळाली, तेव्हा बाग असलेले पब भरले. बाग नसलेले आम्ही पुन्हा दारातून बाटल्या देऊ लागलो. १७ मे रोजी माणसे आत बसली.

नव्या पबवाल्यांनी विचारले नसले तरी एक सांगून ठेवतो. २०२० ची ती सरसकट सवलत मुदतवाढी घेत ३१ मार्च २०२५ पर्यंत चालली आणि संपली. ज्यांच्या परवान्यावर मूळची खूण नाही त्यांनी तो बदलून घ्यावा. 'आजवर कोणी विचारले नाही' हे उत्तर चौकशीला आलेल्या माणसाला पुरत नाही. वायूच्या दाबाची केग बिअर काचेच्या ग्राउलरात, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीत, देत असाल, तर ती काठोकाठ भरू नका आणि उन्हातल्या गाडीत ठेवू नका असे गिऱ्हाइकाला बजावा, कारण काच फुटते. कास्क बिअर, म्हणजे वर सांगितलेली पिंपातली जिवंत बिअर, नेणाऱ्याला मात्र ती त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी संपवायला सांगा आणि ती फ्रिजच्या दारात नव्हे, आतल्या फळीवर ठेवायला सांगा.

आमच्याकडे गुरुवारी दुपारी नवी पिंपे उघडतात आणि शुक्रवारी संध्याकाळी बिअर सर्वांत चांगली असते. न्यायला येणार असाल तर तेव्हा या. रविवारी रात्री उरलेली बिअर आम्ही बाटलीत देत नाही. पाहिजे तर बाकावर बसून प्यायला मिळेल, तीही मी आधी चाखून पाहीन.