तुम्ही विचारलंत म्हणून: राजासॉरस आणि राहिओलीसॉरस एकच का?

मुंबईत डायनासोरवर बोलणं निघालं की हा प्रश्न येतोच. आपल्या काळ्या दगडात त्यांची हाडं नाहीत (वरळीला मिळाले ते बेडकांचे जीवाश्म), म्हणून गाडी थेट गुजरातेत जाते. बालासिनोरजवळच्या रैयोलीत सापडलेले हे दोघेही अबेलिसॉरिड कुळातले मांसाहारी. मग 2003 पासून राजासॉरस असताना 2010 साली राहिओलीसॉरस कशाला?

आधी बघायचं ते हे, की दोघांचं तेच हाड हाताशी आहे का. एकाची कवटी आणि दुसऱ्याची शेपूट यांची तुलना होतच नाही. इथे कंबरेची आणि मागच्या पायांची हाडं दोन्हीकडे आहेत, म्हणून वाद तरी घालता येतो. राजासॉरसचा पाय दणकट, राहिओलीसॉरसचा सडपातळ.

पण अर्धवट वाढलेल्या प्राण्याचा पायही सडपातळ असू शकतो. म्हणून मांडीच्या हाडाची मधोमध चकती कापायची, काचेवर चिकटवून उजेड आरपार जाईल इतकी घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाढीची वलयं मोजायची. बाहेरच्या कडेला ती दाटीवाटीने आली असतील तर वाढ संपलेली. आतल्या बाजूला मात्र फसगत होते: हाडाची पोकळी रुंदावताना सुरुवातीची वलयं खाऊन टाकते आणि वय कमी भरतं. त्यात राहिओलीसॉरस ओळखला गेला तो किमान सात प्राण्यांच्या मिसळलेल्या हाडांवरून. कुठला पाय कुठल्या कंबरेचा, हे छातीठोक कोण सांगणार?

जाती दोन ठरल्या तरी जीनस (जवळच्या जातींचा गट) एकच ठेवता येतो. किती फरक म्हणजे वेगळा जीनस, याचं सर्वमान्य माप नाही. अट नात्याची: मध्ये तिसऱ्याच जीनसचा प्राणी घुसता कामा नये. एकत्र केलेच तर जुनं नाव टिकतं, म्हणजे राजासॉरस. 1879 चा ब्रॉन्टोसॉरस असाच 1903 मध्ये 1877 च्या अपॅटोसॉरसमध्ये गेला. 2015 मध्ये 81 नमुन्यांची 477 लक्षणं ताडून पाहिल्यावर पुन्हा सुटा झाला.

आमचं मत विचाराल तर तूर्त दोन्ही नावं राहू द्यावीत. घाईने एकत्र केलेलं निस्तरायला फार वेळ जातो. 1877 मध्ये जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस हे नाव दिलं गेलं. त्या मणक्यांची वैशिष्ट्यं पुढे कितीतरी प्राण्यांत निघाली, तोवर त्या नावाखाली बरीच भरती झाली होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा डायनासोरही 1997 मध्ये त्यातच गेला. 2003 मध्ये आयसीसॉरस म्हणून वेगळा निघाला. त्याचा सांगाडा बऱ्यापैकी मिळाला होता. नुसते शेपटीचे मणके असते, तर त्याला बाहेर काढणं कठीण होतं.