शिष्यवृत्ती मंजूर, पण पैसे गेले कुठे?

आज दुपारभर प्रथम वर्षाच्या मुलांसोबत महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, अर्ज बघत बसलो होतो. बहुतेकांच्या घरातून कॉलेजात आलेलं हे पहिलंच माणूस.

एक मुलगी म्हणाली, "सर, मैत्रिणीचे पैसे आले, माझे मंजूर दाखवतात पण जमा नाहीत." तिच्याच मोबाइलवर 'माय आधार' या आधारच्या पोर्टलवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कोणत्या बँकेचं खातं जोडलंय ते, उघडलं. खातं निघालं भलत्याच बँकेचं, शाळेत असताना आईने काढून दिलेलं. सरकारी थेट लाभाची (डीबीटी) रक्कम आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जाते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने तिथूनच आईला फोन लावला, "पेटीतलं जुनं पासबुक काढून ठेव गं."

शिकलेल्या घरांत हे दादा-ताई सांगतात. इथे सांगणार कोण? म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायला सांगितलंय: उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, नॉन-क्रिमीलेअर कुणाला लागतं, डिजीलॉकरमध्ये मार्कशीट कशी काढायची. आपल्याच बोलीत सांगितलेलं मुलं पुन्हा पुन्हा ऐकतात. परिपत्रक कुणी उघडतही नाही, आणि त्यात मुलांचा दोष नाही.

ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. हेही कितीतरी घरांत अजून पोचलेलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या ओळखीत असं कुणी कॉलेजात असेल तर आज त्याचं सीडिंग स्टेटस तेवढं बघून द्या.