विंचू आणि बीपीची गोळी

आज सकाळी गावी लाकडं काढताना काकांना विंचू चावला, तोही लाल. दरदरून घाम, हातपाय गार, आजी तर मांत्रिकाला बोलवा म्हणत होती (तिच्या लहानपणी दुसरं होतं तरी काय). सरकारी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी प्राझोसिन दिली, मूळची बीपीची गोळी! रात्री काका चहा मागत होते, उद्यापर्यंत ठेवलंय मात्र.

ही गोळी विंचवाच्या विषावर चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, कोकणातल्या पेशंटच्या उशाशी बसून, आणि ते थेट 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ ला पद्मश्री. वर कट प्रॅक्टिसविरुद्धही (पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं) बोलले, कमिशनचा आलेला चेक परत पाठवून तक्रार केली म्हणे. आजीला हे सगळं सांगितलं तर म्हणते, मंत्रही चालला असता.