जंगलात मुलं आणि दोन मोठी माणसं

“तुला चालतं?” असं एका देसी मित्राने पार्किंगमध्ये हळू आवाजात विचारलं, तेव्हा मला वाटलं की तो कॅम्पमधल्या बीफच्या हॉटडॉगबद्दल बोलतोय. तो बोलत होता माझ्या मुलाच्या स्काउटमास्टरांबद्दल, म्हणजे इथे अमेरिकेत त्याचा स्काउटचा गट (ट्रूप) चालवणाऱ्या सरांबद्दल. ते गे आहेत, शेजारच्याच गावात नवऱ्यासोबत राहतात आणि महिन्यातून एकदा पोरांना घेऊन जंगलात मुक्कामाला जातात.

मी म्हटलं, चालतं. मित्र म्हणाला, “तसं नाही रे, पण लहान मुलं आहेत.” ते ‘पण’ आठवडाभर डोक्यातून गेलं नाही. त्यावरच लिहितोय.

मुलाचं नाव नोंदवलं तेव्हा सगळ्यात आधी मला भेटली ती नियमावली. कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन नोंदणीकृत मोठी माणसं हवीत, दोघंही एकवीस पूर्ण झालेली. एका मोठ्या माणसाने एका मुलासोबत एकटं राहायचं नाही. मेसेजसुद्धा एकट्या मुलाला पाठवायचा नाही, सोबत पालक किंवा दुसरा लीडर हवाच. मोठ्यांचे तंबू वेगळे, मुलांचे वेगळे. एका तंबूत झोपणाऱ्या मुलांच्या वयातही दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. प्रत्येक लीडरला मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण सक्तीचं, तेही ठरावीक काळाने पुन्हा. एकदा पाऊस आला आणि मला मुलाला न्यायला उशीर झाला. स्काउटमास्टर त्याच्यासोबत थांबले, पण दुसऱ्या एका बाईंना थांबवून घेऊन. त्या बिचाऱ्यांचं घरी जेवण खोळंबलं होतं. मला तेव्हा ते अति वाटलं. आता अजिबात वाटत नाही.

कारण या नियमात एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही: तुम्ही कोण आहात. गे असा, चार मुलांचे बाप असा, चर्चचे पाद्री असा, एकटं राहायचं नाही म्हणजे नाही.

बंदीचा काळ आठवा. ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ या इथल्या स्काउट संस्थेत तेव्हा गे लोकांना बंदी होती. २०१२ मध्ये ओहायोतल्या जेनिफर टायरेल या आईला मुलाच्या कब गटाच्या लीडरपदावरून काढलं, कारण ती लेस्बियन होती. त्याच वर्षी कोर्टाच्या आदेशाने संस्थेच्या जुन्या गुप्त फायली बाहेर आल्या. मुलांवर अत्याचार केल्याचा संशय असलेल्या लीडर लोकांच्या त्या फायली होत्या आणि अनेक प्रकरणं पोलिसांपर्यंत गेलीच नव्हती. पुढे २०२० मध्ये संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा भरपाईसाठी ८२ हजारांहून जास्त दावे आले. यातले कितीतरी अत्याचार दारावर ‘गे नकोत’ अशी पाटी असतानाचे. मित्राला मी एवढंच विचारलं की पाटीने कुणाला वाचवलं? त्याने विषय क्रिकेटवर नेला.

या बंदीचं कोर्टात गेलेलं प्रकरण आमच्या न्यू जर्सीचंच आहे, हेही मला उशिराच कळलं. इथून गाडीने अर्ध्या तासावर मॅटावान गाव आहे. तिथल्या ट्रूपमधला जेम्स डेल हा ईगल स्काउट, म्हणजे इथली सर्वोच्च पायरी गाठलेला मुलगा. १९९० मध्ये पेपरात त्याचा फोटो आला आणि तो गे असल्याचं कळताच त्याला सहायक स्काउटमास्टर पदावरून काढलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला, पण २००० मध्ये वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, पाच विरुद्ध चार मतांनी हरला. खाजगी संस्था आहे, कुणाला घ्यायचं ते ती ठरवेल, असा निकाल. गे मुलांना प्रवेश मिळाला २०१४ पासून आणि गे लीडर लोकांना २०१५ च्या जुलैत.

म्हणजे अठराव्या वाढदिवसाआधी चालायचं, नंतर नाही, अशी दीड वर्षं गेली! आणि २०१५ च्या निर्णयातही पाचर आहेच: चर्चने चालवलेल्या ट्रूपला आपल्या श्रद्धेप्रमाणे लीडर निवडायची मुभा. आमचा ट्रूपही एका चर्चच्या तळघरातच भरतो, पण त्या चर्चला काही अडचण नाही. दुसऱ्या गावातलं चर्च आमच्या सरांना सरळ नाही म्हणू शकतं. गणवेश एक, प्रतिज्ञा एक आणि दाराशी न्याय वेगळा. याचा मला राग येतो.

घरी फोनवर हे सांगितलं तर भाऊ म्हणाला, “आपल्याकडे असली बंदी कधी नव्हती.” खरंच नव्हती. शाळेत खरी कमाईला आम्ही शेजारच्या काकूंचं अंगण झाडायचो, तेव्हा आमच्या स्काउटच्या सरांना असं कुणी विचारलं नसतं. पण मधली २००९ ते २०१३ ही वर्षं सोडली तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कलम ३७७ खाली समलिंगी संबंध हा गुन्हाच होता. मग वेगळी बंदी कशाला लिहील कोण? तरी भावाचं वाक्य मला आवडलं आणि मी ते पार्किंगमधल्या मित्रालाही ऐकवलं, वर ३७७ न सांगता. परदेशात आपली बाजू थोडी उचलून धरावी लागते.

आई-बाबांना मात्र यातलं काही सांगितलेलं नाही. लपवलंय असं नाही. व्हिडिओ कॉलवर नातवाने गाठी मारून दाखवल्या की वेळ संपतो आणि सरांच्या घरी कोण कोण असतं असं त्यांनी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या कॅम्पला दुसरा मोठा माणूस मिळत नाहीये आणि दोन नसतील तर कॅम्प रद्द. म्हणून मी प्रशिक्षण पूर्ण करून नाव दिलंय. थंडीत तंबूत झोपायची मला कधीच हौस नव्हती. स्लीपिंग बॅग कुणाकडे उसनी मिळाली तर बघतो.